केर्बल स्पेस प्रोग्रॅम: निम्न, मध्यम, उच्च कक्षा कुठून कुठपर्यंत धरायच्या?

झिरोमाईल

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपुरातले काही जण मिळून केर्बल स्पेस प्रोग्रॅम या रॉकेट बांधून उडवायच्या संगणक-गेमचं एकच करिअर सेव्ह (साठवलेला एकच डाव) आळीपाळीने खेळतो. एकाने रॉकेट बांधायचं, दुसऱ्याने ते वर न्यायचं, तिसऱ्याने त्याला इंधन पोचवायचं, आणि ज्याने जे केलं त्याची नोंद त्याने सामाईक वहीत मराठीत लिहायची. वही मस्त चालली आहे. अडतंय ते कक्षांच्या उंचीपाशी. परवा नोंद होती, ‘रिले निम्न कक्षेत आहे, टँकरही निम्न कक्षेतच सोडा.’ टँकर सोडणाऱ्याने तो ८० किमीवर सोडला आणि रिले, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारा उपग्रह, होता ६०० किमीवर. ८० वरून ६०० वर जाऊन कक्षा गोल करायला साधारण ५५० मीटर प्रति सेकंद डेल्टा-व्ही (वेगात करावा लागणारा बदल, म्हणजेच इंधनाचा खर्च) लागतो. त्याच ८० वरून मुनकडे, म्हणजे गेममधल्या चंद्राकडे, निघायला ८६० पुरतो. म्हणजे मुनच्या वाटेवरचा निम्म्याहून जास्त खर्च आमच्या ‘निम्न’मध्येच मावत होता.

तेव्हा सीमा एकदा नीट ठरवून टाकू, म्हणजे मराठीत नोंदी ठेवणाऱ्या सगळ्यांनाच उपयोग होईल.

पहिला मोह होतो तो पृथ्वीचे आकडे उचलण्याचा. पृथ्वीभोवती २,००० किमीपर्यंत निम्न कक्षा, तिथून ३५,७८६ किमीच्या भूस्थिर कक्षेपर्यंत मध्यम, त्याच्या वर उच्च. केर्बिनची, म्हणजे गेममधल्या पृथ्वीची, त्रिज्या मात्र फक्त ६०० किमी, आणि तिची स्थिर कक्षा २,८६३ किमीवर. २,००० ची रेघ तिथे ओढली तर मध्यम कक्षेला जेमतेम ८६३ किमी उरतात आणि बाकी सगळं निम्न. बरं, त्रिज्येच्या प्रमाणात घेऊ म्हटलं तर सीमा येते १८८ किमीवर.

निम्न कक्षेची आणखी एक व्याख्या वापरात आहे: एक फेरी १२८ मिनिटांत किंवा त्याहून लवकर, म्हणजेच दिवसाला किमान सव्वाअकरा फेऱ्या. पृथ्वीवर या दोन्ही गोष्टी एकच. केर्बिनवर करून बघितलं. १२८ मिनिटं धरली तर सीमा जाते १,१४१ किमीवर. ‘दिवसाला सव्वाअकरा फेऱ्या’ धरलं तर ती येते ९० किमीवर, म्हणजे वातावरण संपल्यावर फक्त २० किमीची पट्टी! हे असं होतं कारण केर्बिनची त्रिज्या पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, दिवस चौथ्या हिश्श्याइतका आणि पृष्ठभागावरचं गुरुत्व मात्र पृथ्वीएवढंच. तिन्ही गोष्टी एका पटीत लहान केलेल्या नाहीत, त्यामुळे कुठल्याही एका पटीने भागून पृथ्वीची सीमा तिथे बसत नाही.

माझं म्हणणं असं आहे की रेघ तिथेच ओढावी जिथे यानाच्या बाबतीत खरोखर काहीतरी बदलतं. ७० किमीला हवा संपते. २,८६३ ला उपग्रहाची फेरी केर्बिनच्या दिवसाशी जुळते. आणि साधारण ८,९७० किमीला मुनचा हात पोचतो. मुन केंद्रापासून १२,००० किमीवर फिरतो, त्याचं प्रभावक्षेत्र (जिथे यानावर त्याचंच गुरुत्व चालतं तो भाग) २,४३० किमीचं. १२,००० मधून ते वजा करा, केर्बिनची त्रिज्या वजा करा, की हा आकडा मिळतो. यापेक्षा वर अ‍ॅपोअ‍ॅप्सिस (कक्षेचं सर्वात वरचं टोक) गेलं तर आज ना उद्या मुन कक्षा बिघडवणार.

प्रश्न ७० आणि २,८६३ च्या मधल्या जागेचा आहे. तिथे रेघ कुठे आणि का ओढायची, यावर बोला.

संत्राबर्फी

गेमनेच ओढून ठेवली आहे की. २५० किमी. त्याच्या खाली ‘केर्बिनजवळचं अवकाश’, वर ‘केर्बिनपासून उंच अवकाश’, आणि दोन्हीकडे प्रयोगांचे विज्ञान-गुण वेगवेगळे मिळतात. करिअर खेळणाऱ्याला ही सीमा पाठच असते. मुनला ती ६० किमी, मिन्मस या दुसऱ्या चंद्राला ३०, ड्यूना ग्रहाला १४०, ईव्हला ४००, जूलला थेट ४,०००. प्रत्येक गोळ्याला तयार आकडा आहे. वेगळा हिशेब मांडायचं कारण मला तरी दिसत नाही.

अंबाझरी

मी उपग्रहचित्रांवर काम करते, म्हणून थोडं त्या बाजूने. आपल्या नागपुरात एमआरसॅक (राज्याचं सुदूर संवेदन केंद्र) आहे, इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्रही आहे. शेती, जंगल, पाणलोट यांच्या चित्रांवर इथे रोज काम चालतं. या कामात ‘उपग्रह निम्न कक्षेत आहे का’ असं कोणी विचारत नाही. विचारतात ते हे, की तो त्याच जागेवर पुन्हा कधी येणार आणि येईल तेव्हा ऊन कुठून पडलेलं असेल. रिसोर्ससॅट-२ घ्या. उंची ८१७ किमी, २४ दिवसांनी तोच मार्ग पुन्हा, विषुववृत्त ओलांडायची स्थानिक वेळ सकाळी साडेदहाच्या आसपास. सावल्या दरवेळी सारख्या पडतात, म्हणून यंदाचं चित्र गेल्या वर्षीच्या चित्राशेजारी ठेवून तुलना करता येते. कार्टोसॅट-३ ला बारीक तपशील टिपायचा असतो म्हणून तो ५०९ किमीवर. उंची कामातून ठरते. झिरोमाईल म्हणतात तेच आहे हे, फक्त खऱ्या उपग्रहांच्या बाबतीत.

एक गोष्ट मात्र तुमच्या वहीत आत्ताच लिहून ठेवा. मूळ गेममध्ये सूर्यसमकालिक कक्षा होत नाही. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, त्या फुगवट्याच्या ओढीने कक्षेचं प्रतल दिवसाला जवळपास एक अंश फिरतं आणि सूर्याशी जुळलेलं राहतं. गेममधली केर्बिन गणितासाठी अगदी गोल धरलेली आहे, प्रतल जागचं हलत नाही. कल (विषुववृत्ताशी कक्षेचा कोन) ९८ अंश ठेवून कोणी ‘सूर्यसमकालिक’ लिहिलं तर ती नुसती ध्रुवाजवळून जाणारी कक्षा असेल.

वऱ्हाडीरॉकेट

भाऊ, २५० ची रेघ मले मान्य आहे, पण २५० न २,८६३ च्या मधात लय मोठी जागा आहे. तिथं आणखी एक खूण पाह्यजे. काऊन ते सांगतो.

रिलेचं जाळं टाकाचं आहे, तीन रिले विषुववृत्तावर १२०-१२० अंशावर ठेवले. आता एकाले दुसरा दिसला पाह्यजे, मधात केर्बिन नाही आली पाह्यजे. कागद घ्या, वर्तुळ काढा, त्याच्यात समभुज त्रिकोण काढा. त्रिकोणाच्या बाजू केर्बिनले जेमतेम घासून गेल्या तं कक्षेची त्रिज्या केर्बिनच्या त्रिज्येच्या बरोब्बर दुप्पट येते. १२०० किमी. त्याच्यातून ६०० काढा, उंची ६०० किमी. ह्याच्या खाली तीन रिले एकमेकाले पाहू शकत नाही, वर पाहू शकते. गेमच्या सेटिंगमधी आडोसा जरा ढिला ठेवला आहे, त्याच्यानं थोडं खालीही चालून जाते, पण आपण पक्की भूमिती धरू.

न चार रिले ठेवले तं? मंग चौकोन होते, न उंची येते २४९. म्हणजे गेमची २५० ची रेघ जवळपास तिथंच पडते. हे मले लय आवडलं.

पृथ्वीले हाच त्रिकोण लावला तं ६,३७८ किमी. तिथं कोणी त्याले सीमा म्हणत नाही, पण आपल्या गेममधी कॉमनेट (यानांच्या सिग्नलचा हिशेब) आल्यापासून, म्हणजे १.२ आवृत्तीपासून, पयले हेच पाहा लागते.

झिरोमाईल

वऱ्हाडीरॉकेट भाऊ, ६०० ची खूण एकदम पटली. कागदावर काढून बघितली, चोख बसते. ती घेतोच.

यात अँटेनाची बाजू जोडतो. सुरुवातीला हाताशी रिलेसाठी एचजी-५ असतो, दोन एचजी-५ मधला पल्ला ५,००० किमी. ६०० वरच्या तीन रिलेंमधलं अंतर होतं सुमारे २,०८० किमी, म्हणजे आरामात. तेच तीन रिले स्थिर कक्षेत नेले तर एकमेकांपासून जवळजवळ ६,००० किमीवर जातात आणि एकेका एचजी-५ ने ते जोडलेच जात नाहीत. भूस्थिर म्हणजे उत्तम, असं पृथ्वीवरून डोक्यात बसलेलं असतं म्हणून बरेच जण पहिलं जाळं थेट २,८६३ वर टाकतात आणि मग सिग्नल का नाही म्हणून शोधत बसतात. प्रत्येक रिलेवर दोन एचजी-५ लावले की पल्ला वाढून काम होतं, पण ते आधी ठाऊक हवं.

अंधाराचाही हिशेब करून ठेवला आहे. १०० किमीवर फेरी साधारण ३३ मिनिटांची, त्यात सावली जास्तीत जास्त पावणेअकरा मिनिटं. स्थिर कक्षेत फेरी सहा तासांची, सावली २० मिनिटं. म्हणजे वर गेल्यावर अंधार क्वचित येतो, पण आला की जास्त वेळ टिकतो. खालच्या कक्षेसाठी मोजून बॅटरी लावलेलं यान वर नेलं तर मधेच बंद पडेल. उंचीचा गट ठरला की बॅटरीचा किमान आकडाही त्याच ओळीत लिहिता येईल.

सीताबर्डी_एसएएस

थोडं विरोधात बोलतो. नावं हवीतच कशाला? पेरी आणि अ‍ॅपो (कक्षेचं खालचं आणि वरचं टोक) असे दोन आकडे लिहा. ‘८०×८०’, ‘६००×६००’. वाचणाऱ्याला सगळं कळतं. खालच्या कक्षा, वरच्या कक्षा या वर्गवारीवर वाद घालण्यात जो वेळ जातो त्यात एक यान ड्यूनाला पोचतं. शिवाय नाव आलं की लोक आकडा लिहिणं सोडतात, आणि तुमचा टँकर तसाच चुकीच्या जागी गेला.

झिरोमाईल

आकडे हवेतच, ते सक्तीचे करू. यानाच्या नोंदीत नाव नाही लिहिलं तरी चालेल, आकडे हवेत.

पण नावाचं खरं काम योजना आखताना असतं, जेव्हा यान अजून बांधलेलंही नसतं. ‘हा बूस्टर निम्न कक्षेत १८ टन नेतो’, ‘मध्यम कक्षेतल्या प्रत्येक यानाला रिले अँटेना हवी’ अशी वाक्यं आकड्यांत लिहायला गेलं तर प्रत्येक वेळी अटींची माळ लावावी लागते. गेमच्या काँट्रॅक्टमध्येसुद्धा स्थिर, समकालिक, टुंड्रा, कोल्निया अशा जाती येतात, नुसते आकडे येत नाहीत. नावामागे काय आहे ते पक्कं असलं म्हणजे झालं.

ताडोबा_ऑर्बिट

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. आत्तापर्यंत सगळे गोल कक्षेबद्दल बोलले, म्हणून लंबगोल कक्षेबद्दल लिहितो. आमच्याकडे त्याचा अनुभव अंगणात आलेला आहे.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशात पेटत्या तुकड्यांची रांग सरकत गेली, विदर्भात अनेकांनी मोबाईलवर टिपली. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं, पुढे आसपासच्या गावांतून धातूचे गोळेही सापडले. तो चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा वरचा टप्पा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. हे रॉकेट उपग्रहांना भूस्थिर कक्षेच्या वाटेवर सोडतं. म्हणजे त्या टप्प्याचं वरचं टोक हजारो किमी उंच आणि खालचं टोक जमिनीपासून जेमतेम शे-दोनशे किमीवर. अशा कक्षेत प्रत्येक फेरीला खालचं टोक विरळ हवेतून जातं, थोडा वेग जातो, वरचं टोक खाली येतं. पुढच्या फेरीला आणखी. शेवटी सगळी कक्षाच खाली येते.

आता सांगा, त्याला ‘उच्च’ म्हणणार की ‘निम्न’? अ‍ॅपो बघितलं तर उच्च. पण तो खाली आला पेरीमुळे. चंद्रयान-३ सुद्धा पहिल्यांदा साधारण १७०×३६,५०० किमीच्या कक्षेत सोडलं होतं. एका शब्दात ते बसवायला गेलं तर अर्धी माहिती गळते.

माझी सूचना: लंबगोल कक्षेला दोन्ही टोकांची नावं द्यावीत, पेरी आधी. ‘निम्न-उच्च’, ‘निम्न-मध्यम’. धोका कशाने आहे ते पहिल्या शब्दात कळेल, पल्ला किती ते दुसऱ्या.

वऱ्हाडीरॉकेट

हे लय भारी आहे भाऊ. आमच्या घरच्यांनी पण ते गच्चीवरून पाह्यलं होतं.

पण गेममधी एक फरक आहे. मूळ गेममधी ७० च्या वर हवा म्हणजे शून्य. ७१ ची पेरी ठेवली तं ते यान जन्मभर तसंच फिरते. पृथ्वीसारखं हळूहळू उतरत नाही.

ताडोबा_ऑर्बिट

बरोबर. आणि उलट बाजूही आहे. पेरी ६० वर असली आणि तुम्ही दुसरं यान उडवत असलात, तर गेम त्या पहिल्या यानावर हवेचा परिणाम मोजतच नाही. ते ६० किमीतून सुखरूप आरपार जात राहतं. तुम्ही त्याच्यावर स्विच केलं आणि ते हवेत शिरलं, की मग वेग उतरायला लागतो. खूप खोल, दाट हवेत गेलं तर मात्र गेम ते थेट नष्ट करतो. म्हणून सामाईक सेव्हमध्ये अशी यानं वेगळ्या रंगात लिहा. पेरी ७० च्या आत असेल तर नाव ‘परतीची कक्षा’, अ‍ॅपो कितीही असो. नाहीतर पुढचा खेळाडू ट्रॅकिंग स्टेशनवरून सहज बघायला म्हणून त्यावर जाईल आणि यान जाईल.

झिरोमाईल

‘परतीची कक्षा’ आणि पेरी आधी लिहिणं, दोन्ही घेतलं. हा मुद्दा माझ्या मूळ मांडणीत नव्हताच आणि तो सगळ्यात कामाचा निघाला.

आता स्थिर कक्षेबद्दल, कारण तिथे उंची लिहून भागत नाही. नागपुरात कोणत्याही गच्चीवर जा, फ्री डिशच्या छत्र्या सगळ्या एकाच दिशेला, आग्नेयेकडे तोंड करून असतात. त्यांचा जीसॅट-१५ विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला आहे, आपल्याकडून साधारण ६० अंश वर. तो तिथून हलत नाही म्हणून छत्री एकदा घट्ट केली की झालं. खऱ्या उपग्रहांना तिथे राहण्यासाठी अधूनमधून इंजिन चालवावं लागतं. गेममध्ये ओढाताण करणारं दुसरं काही नाही, पण सुरुवातीची चूक तशीच राहते. उंची १ किमीने चुकली तर दर फेरीला ९ सेकंदांचा फरक पडतो, उपग्रह ०.१५६ अंश सरकतो. ऐकायला किरकोळ वाटतं. केर्बिनच्या वर्षात ४२६ दिवस आहेत. वर्षाअखेर तो ६५ अंशांहून जास्त सरकलेला असतो आणि तीन रिलेंचा त्रिकोण मोडतो.

म्हणून स्थिर कक्षेच्या नोंदीत फेरीची वेळ लिहायची: ५ तास ५९ मिनिटं ९ सेकंद. उंची दोन टोकांना थोडी इकडेतिकडे असली तरी चालेल, वेळ सेकंदावर जुळली पाहिजे. इंजिनाचा जोर अगदी कमी करून शेवटचा धक्का द्या, किंवा आरसीएसने (यान वळवायच्या छोट्या इंजिनांनी) द्या.

अंबाझरी

मुनसाठीही लिहून ठेवा, तिथे स्थिर कक्षा नाहीच. हिशेबाने ती २,९७० किमीवर येते आणि मुनचं प्रभावक्षेत्र त्याच्या आतच संपतं. मिन्मसला आहे, ३५८ किमीवर. मुनला वातावरण नाही म्हणून निम्न कक्षेची खालची हद्द डोंगर ठरवतात, सगळ्यात उंच जागा सात किमीच्या थोडी वर आहे. १० किमी धरली तर निर्धास्त.

संत्राबर्फी

ड्यूनाची गंमत कोणी लिहिली नाही अजून. ड्यूनाची स्थिर कक्षा २,८८० किमीवर, आणि बरोबर तिथेच ड्यूनाचा चंद्र आईक बसलेला आहे. ड्यूना आणि आईक एकमेकांकडे कायम एकच बाजू करून फिरतात. तुम्ही स्थिर उपग्रह ठेवायला गेलात आणि आईकच्या बाजूला ठेवलात तर तो आईकच्या क्षेत्रात जाणार. पलीकडच्या बाजूला ठेवला तर हवा तितका काळ राहतो, कारण आईक कधीच त्याच्यापर्यंत येत नाही. झिरोमाईल म्हणतात ती ‘तिथे काय बदलतं’ची कसोटी इथे लावली तर ड्यूनाला ‘स्थिर कक्षा, आईककडची’ आणि ‘स्थिर कक्षा, पलीकडची’ असे दोन भाग करावे लागतील.

२५० वर मी ठाम होतो, अजूनही आहे. पण प्रत्येक गोळ्याला गेमच्या आकड्याशिवाय आणखी काही लागतं, हे ड्यूना बघून मान्य करावं लागतं.

सीताबर्डी_एसएएस

ठीक, मी वहीत पेरी आधी लिहायला सुरुवात केली आहे. एक विचारायचं होतं. आमच्यातला एक जण रिअल सोलर सिस्टीम मोडवर खेळतो. त्याला हेच लागू?

झिरोमाईल

नाही. तिथे पृथ्वी खऱ्या मापाची आहे, खरे आकडेच घ्या: २,००० आणि ३५,७८६. तीन रिलेंची खूण ६,३७८. पेरी आधी लिहिण्याचा नियम मात्र तोच, उलट तिथे जास्त कडक पाळा. त्या वहीचं पान वेगळंच ठेवा, एकाच तक्त्यात दोन्ही घालू नका.

बाकीच्यांसाठी, केर्बिनचं पान असं लिहून टाकतो: ७० ते २५० निम्न, २५० ते २,८६३ मध्यम, त्यात ६०० ला रिलेची खूण, २,८६३ ला स्थिर, नोंद वेळेने, तिथून ८,९७० पर्यंत उच्च, त्यापुढे अ‍ॅपो गेलं तर ‘मुनच्या वाटेत’ आणि सोबत कल किती ते. पेरी ७० च्या आत असेल तर परतीची कक्षा. उद्या संध्याकाळी वहीत चढवतो. कोणाला मुन आणि मिन्मसचं पान करायचं असेल तर सांगा.

अंबाझरी

मुन-मिन्मस मी करते. जूल कोणीतरी घ्या, तिथे पाच चंद्र आहेत आणि लेथ, व्हॉल, टायलो यांच्या मधून कक्षा काढायच्या तर बराच हिशेब आहे.

वऱ्हाडीरॉकेट

जूल माह्याकडे द्या. न ईव्हच्या चंद्राचं, गिलीचं, काय कराचं? त्रिज्या १३ किमी, प्रभावक्षेत्र १२६ किमी, गेमची सीमा ६ किमीवर.

झिरोमाईल

गिलीला नावं नकोत. तिथे कक्षेत फिरायचा वेग सेकंदाला फार तर २० मीटरच्या आसपास, कुठूनही कुठे जायला इंधन जवळजवळ लागत नाही. दोन आकडे लिहा, पुरे. जूलचं पान झालं की इथेच टाका भाऊ, मी टायलोचे आकडे तपासून देतो.